काळे दगड, हिरवा ऊस : मॉरिशसची भटकंती

पहिला दिवस : माहेबूर

मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे. बहुतेक पर्यटक तिथून गाडीत बसतात ते थेट उत्तरेच्या नाहीतर पश्चिमेच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलातच उतरतात. आम्ही पहिला मुक्काम विमानतळाजवळच्याच माहेबूर गावात ठेवला. या बेटावरच्या वसाहतीची गोष्ट ज्या उपसागरात सुरू झाली, तो या गावासमोरच पसरलेला आहे.

आम्ही म्हणजे मी, आई आणि धाकटा भाऊ. भाद्रपदाचे दिवस. घरचा गणपती यंदा काकांकडे, म्हणून आई मोकळी. एरवी या दिवसांत तिला घराबाहेर काढणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. मुंबईहून थेट विमान साडेसहा-सात तास घेतं, भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागत नाही, आणि उतरल्यावर घड्याळ दीड तास मागं करायचं. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे सप्टेंबर म्हणजे तिथला सरता हिवाळा. किनाऱ्यावर हवा सुखाची, पण आत पठारावर स्वेटर लागतो.

विमानतळाबाहेर पडलं की लगेच ऊस सुरू होतो. तोडणीचा हंगाम चालू होता, त्यामुळे काही शेतं डोक्याच्या वर गेलेल्या उसाची, तर काही नुकतीच मोकळी झालेली. मोकळ्या शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग. काही नुसते ओतलेले, काही चक्क टप्प्याटप्प्यानं रचलेले, कडा सरळ रेषेत. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, त्यामुळे नांगर घालावा तिथं बेसाल्ट. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे. ते वेचले, वाहिले आणि रचले, आधी गुलामांनी आणि मग करारावर आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी. भावानं मोबाइलवर शोधून सांगितलं की इंटरनेटवर काही मंडळींना या ढिगांत प्राचीन पिरॅमिड दिसतात, कुठल्याशा लुप्त संस्कृतीनं बांधलेले. शेतमजूर दगड इतके नेटके रचू शकतो हे काही लोकांना पटतच नाही. लुप्त संस्कृती मात्र चटकन पटते.

आमचा ड्रायव्हर बिहारी वंशाचा, पाचव्या पिढीतला. फोनवर क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली, आमच्याशी हिंदी, आणि आईला पहिल्या दहा मिनिटांतच ‘मौसी’ करून टाकलेलं. आता तोडणी यंत्रानं करायची म्हणून हे ढीग हलवून शेतं सपाट करतात, असं तो म्हणाला. आईला ऐकून हळहळ वाटली. त्याला काही वाटत नव्हतं. “मौसी, ज्यांनी रचले त्यांनी कुठे हौसेनं रचले होते?”

दुपारी राष्ट्रीय इतिहास संग्रहालय पाहिलं. डच १५९८ मध्ये या उपसागरात उतरले, आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव त्यांनी बेटाला दिलं. १६३८ मध्ये वसाहत केली, वर्षभरानं जावाहून ऊस आणला, एबनीची, म्हणजे काळ्या, मौल्यवान लाकडाच्या झाडांची, जंगलं तोडली आणि १७१० मध्ये गाशा गुंडाळून निघून गेले. त्यांच्या मुक्कामातच डोडो संपला. १६६२ नंतर तो जिवंत पाहिल्याची भरवशाची नोंद नाही. मग फ्रेंच आले, बेटाचं नाव त्यांनी ‘ईल द फ्रांस’ ठेवलं, आणि ऑगस्ट १८१० मध्ये याच खाडीत त्यांनी ब्रिटिशांच्या चार युद्धनौकांचा फडशा पाडला. दोन प्रवाळात रुतल्या आणि जाळून टाकाव्या लागल्या, दोन फ्रेंचांच्या हाती पडल्या. पॅरिसच्या विजय कमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे. संग्रहालयाची इमारत म्हणजे त्याच काळातला एक बंगला. लढाईत जखमी झालेले दोन्ही बाजूंचे सेनानी, फ्रेंच द्युपेरे आणि ब्रिटिश विलोबी, उपचारासाठी याच घरात एका छपराखाली होते. आईला सगळ्या संग्रहालयातली हीच गोष्ट आवडली. विजय मात्र औटघटकेचा ठरला. नोव्हेंबरच्या अखेरीस ब्रिटिश उत्तरेकडून उतरले, सुमारे १०,००० सैन्य घेऊन, आणि त्या फौजेतला मोठा भाग हिंदुस्थानातून आलेला होता. शिपाई म्हणून आपली माणसं इथं मजुरांच्या चोवीस वर्षं आधीच पोचली होती तर.

संध्याकाळी धक्क्यावर फिरलो. समोर लायन माउंटन, खाली खाडीचं पाणी, आणि एवढ्या थोर लढाईच्या जागी चार-सहा मासेमारीच्या होड्या.

दुसरा दिवस : ईल ओ एग्रेत आणि दक्षिणेचा किनारा

माहेबूरजवळच्या प्वांत जेरोमहून होडीनं काही मिनिटांत ईल ओ एग्रेत नावाच्या बेटुकल्यावर जाता येतं. जेमतेम २६ हेक्टर, आणि तेही बेसाल्टचं नव्हे, प्रवाळखडकाचं. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते, आणि वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. माणूस येण्याआधी मॉरिशसचा किनारा कसा असेल, ते इथं पुन्हा उभं करायचा खटाटोप चालू आहे.

हिंडताना पहिल्यांदा नजरेत भरत नाही, पण इथलं खरं वैभव म्हणजे एबनीची झाडं. बुटकी, करड्या खोडाची, दिसायला अगदी सामान्य. वाढ इतकी संथ की मनगटाएवढं खोडही म्हातारं असतं. डचांनी जे तोडून नेलं ते हेच. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवं केव्हाच नामशेष झाली, म्हणून अल्डाब्रा बेटांवरची महाकाय कासवं इथं आणून सोडली. त्यामागचं कारण मजेशीर आहे. एबनीची फळं कासवं खातात, आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं. म्हणजे ही कासवं पाहुणी नव्हेत, वनखात्याचे कर्मचारीच. एक जण आमच्या वाटेत आडवा पसरला होता. वाटाड्यानं त्याला हटवलं नाही. आम्हीच झुडपातून वळसा घातला. जवळून पाहिलं तर पाठीच्या प्रत्येक खवल्यावर वाढीची वळी एकात एक, कडेला जरा झिजलेली, आणि मानेची कातडी सैल, सुरकुतलेली. त्यानं एक डोळा उघडला, आमची दखल घेण्याजोगं काही नाही असं ठरवलं आणि मिटला.

गुलाबी कबूतर दिसलं ते परत फिरताना. पायात रंगीत कडी, छाती फिकट गुलाबी, शेपूट विटकरी. १९९० च्या सुमाराला रानात ही जेमतेम दहा उरली होती. मॉरिशसच्या ससाण्याची गत त्याहून वाईट. १९७४ मध्ये त्या जातीचे फक्त चार पक्षी रानात असल्याचं ठाऊक होतं. बंदिस्त जागेत अंडी उबवून, पिल्लं वाढवून, पुन्हा सोडून या दोन्ही जाती वाचवल्या गेल्या. पायवाटेच्या कडेला डोडोचा ब्राँझचा पुतळा आहे, तिथं सगळे फोटो काढत होते. कबुतराकडं बघायला फारसं कुणी थांबलं नाही.

दुपारनंतर दक्षिण किनाऱ्यानं पश्चिमेला निघालो. मॉरिशसभोवती प्रवाळाचं जवळजवळ सलग कडं आहे, म्हणून किनाऱ्यालगतचं पाणी उथळ, निवांत आणि फिकट निळं. सुयाकजवळ ग्री-ग्रीला मात्र ते कडं तुटतं. तिथं समुद्र थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतो, वारा उभं राहू देत नाही. इतकी वर्षं पोस्टकार्डांवर पाहिलेला मॉरिशस खोटा वाटावा असा हा कोपरा, आणि मला तरी सगळ्या किनाऱ्यांत हाच आवडला. पुढं बे द्यू कापजवळ मॅथ्यू फ्लिंडर्सचं स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाला वळसा घालून नकाशे करणारा हा ब्रिटिश दर्यावर्दी १८०३ मध्ये जहाज दुरुस्तीसाठी इथं थांबला; इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध पेटलेलं, त्यामुळे फ्रेंच गव्हर्नरानं त्याला हेर समजून अडकवलं ते १८१० पर्यंत. भावाचं म्हणणं, इथं सहा-सात वर्षं अडकण्याला शिक्षा म्हणायची का. आईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

तिसरा दिवस : ल मॉर्न

बेटाच्या नैऋत्य टोकाला एक चिंचोळी भूमी समुद्रात घुसते आणि तिच्यावर ल मॉर्न ब्राबां हा ५५६ मीटर उंचीचा कातळ उभा आहे. तिन्ही बाजूंनी तुटलेले कडे, खाली लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ पाणी. २००८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, आणि ते डोंगराच्या देखणेपणासाठी नव्हे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी मळ्यांवरून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारींत, माथ्यावर लपून राहायचे. त्यांना ‘मारून’ म्हणत.

आई पायथ्याशी, गुलाममार्गाच्या स्मारकापाशी झाडाखाली बसली. भाऊ आणि मी सकाळीच वर निघालो. पहिला टप्पा रुंद वाटेचा, झाडीतून, कुणालाही जमेल असा. मग पाटी लागते आणि तिथून खरी चढाई. हातांनी कातळ धरत, मध्येमध्ये दोर पकडत. सह्याद्रीत हिंडलेल्याला अवघड नाही, पण वारा बाजूनं ढकलत असतो आणि खाली बघायचा मोह आवरत नाही. वाटेत त्रोकेशियाची झुडपं भावानं ओळखली. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, आणि रानात उगवतं ते फक्त या डोंगरावर. वर एक क्रूस रोवलेला आहे, सामान्य चढाई तिथंच थांबते. खाली प्रवाळाची पांढरी रेघ, तिच्या अलीकडं हिरवट पाणी, पलीकडं एकदम गर्द निळं. पाण्याखालच्या धबधब्याचे म्हणून जे फोटो फिरतात ते इथलेच. वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल उतारावर सरकतात, त्यानं होणारा तो दृष्टिभ्रम आहे, आणि तो नीट दिसतो हेलिकॉप्टरमधूनच. त्याचे दर ऐकून आम्ही भ्रमाशिवाय समाधान मानलं.

डोंगराची गोष्ट सगळे सांगतात. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. ते सांगायला शिपायांची तुकडी ल मॉर्नवर चढू लागली. वरच्यांना वाटलं, पकडायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही तोंडी परंपरेची गोष्ट आहे, दप्तरातली नव्हे. पण क्रिओल समाज, म्हणजे मुख्यतः गुलामांचे वंशज, ती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे, आणि १ फेब्रुवारीला दरवर्षी इथं माणसं जमतात. दप्तरात जे आहे तेही काही कमी बोचरं नाही. गुलामगिरी संपल्याबद्दल ब्रिटिश सरकारनं भरपाई दिली ती मालकांना. मुक्त झालेल्यांना वर आणखी काही वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकांकडं राबावं लागलं, १८३९ पर्यंत.

परतताना शामारेल केलं. सात रंगांची माती म्हणून जिचा बोलबाला आहे ती एक छोटीशी उघडी टेकडी, भोवती लाकडी कठडा. बेसाल्ट कुजून झालेल्या मातीतल्या लोहानं लाल-तपकिरी आणि ॲल्युमिनियमनं निळसर-जांभळ्या छटा आल्या आहेत. छान आहे, पण फोटोंत रंग हात सोडून चढवलेले असतात. मी चार मोजले, आईनं पाच, आणि कठड्यापाशी बस लागली तसे आम्ही निघालो.

त्या दिवशी चतुर्थी होती. मॉरिशसमधली मराठी मंडळी प्रामुख्यानं कोकणातून, मुंबई बंदरातून आलेल्या मजुरांचे वंशज. पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागात त्यांची वस्ती पूर्वीपासून आहे. आमच्या मुक्कामाच्या घरमालकिणीच्या ओळखीनं तिथल्या एका घरी आरतीला बोलावणं होतं.

उसाच्या कडेचं बैठं घर, ओसरीवर चपला. मखरात शाडूची मूर्ती, दूर्वा, जास्वंद, ताटात मोदक. पाच-पंचवीस माणसं, सगळ्यांचं आपसांतलं बोलणं क्रिओल, एखादा शब्दही आम्हाला लागेना. आणि टाळ वाजले, तशी त्याच तोंडांतून मराठी आरती सुरू झाली. एकामागून एक, सगळी, पाठ. उच्चार थोडे फ्रेंच वळणाचे, चाल मात्र आमच्या आजोळची, जरा संथ, शेवटचा शब्द ओढून म्हणायची. आईचं माहेर संगमेश्वरकडचं. तिनं टाळ्या वाजवणं थांबवलं आणि नुसती ऐकत उभी राहिली.

घरातल्या आजींना मराठी समजत होतं, बोलणं येत नव्हतं. नात शाळेत मराठी घेऊन शिकते; सरकारी शाळांत तो विषय घेता येतो. तीच दुभाषी. आईनं विचारलं, “आजी, तुमचं मूळ गाव कोणतं?” नातीनं क्रिओलमध्ये विचारलं, आजी हसल्या आणि म्हणाल्या, “रत्नागिरी.” “रत्नागिरीत कुठलं?” पुन्हा, “रत्नागिरी.” यापुढचं घराण्यात कुणालाच ठाऊक नाही. आडनावही गावावरून नाही. उतरताना कारकुनानं बापाचं नाव लिहून घेतलं, पुढं तेच आडनाव झालं. आईनं मग विचारायचं सोडलं आणि सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली. निघेपर्यंत दोघींनी एकमेकींच्या बांगड्या, मोदकांच्या कळ्या आणि गुडघे यांवर कोणत्या भाषेत चर्चा केली ते मला सांगता येणार नाही.

चौथा दिवस : गंगा तलाव आणि विसर्जन

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. मौज म्हणजे ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनासाठी. बहुतेकांचा दीड दिवसाचा गणपती, आमच्या कोकणातल्या रिवाजासारखाच.

सकाळ मोकळी होती म्हणून गंगा तलावाला जाऊन आलो. ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं तळं, काठी देवळं, धुकं, अंगात शिरणारा गारठा. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून यात मिसळलं. महाशिवरात्रीला लाखो लोक घरापासून चालत, कावडी घेऊन इथं येतात, आणि तेव्हा रस्त्यांवर लोक त्यांना खाऊपिऊ घालतात, असं ड्रायव्हर अभिमानानं सांगत होता. वाटेवर ३३ मीटर उंच शंकराची मूर्ती, बडोद्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीच्या धर्तीवर केलेली, आणि समोर तितकीच उंच दुर्गा. माझं मत विचाराल तर मूर्ती नसत्या तरी तळं पुरेसं होतं. आईचं मत वेगळं पडलं, आणि दर्शन सावकाश झालं.

दुपारी पश्चिम किनाऱ्यावर विसर्जन. सुरूच्या बनातून वाट, पलीकडं पांढरी वाळू, आणि ट्रकवरून, हातगाडीवरून, डोक्यावरून येणारे गणपती. मुलींनी नऊवारी नेसलेल्या, मुलांच्या डोक्याला फेटे, एका काकांच्या टोपीवर फुटबॉल क्लबचं नाव. वाळूवर एका मंडळानं रिंगण धरलं, मध्ये ढोलकी, पायात घुंगरू, आणि सुरू झाली ती कोकणातली जाखडी. बाल्यांचा नाच. इथं त्याला झाकरी म्हणतात. एक पाय आपटून, वाकून, वळून पुन्हा रिंगणात मिसळायची तीच लय. पोरं विशीतली, अंगात टी-शर्ट, केसांना कलप. भाऊ गिरगावात वाढलेला, त्याला यातलं एक पाऊल येत नाही. त्याला त्यांनीच हाताला धरून आत ओढला आणि शिकवलं. आपल्याकडं जाखडीचे डाव आता बक्षिसाच्या स्पर्धांत जास्त दिसतात. इथल्या रिंगणाला ना परीक्षक होते, ना मंच, ना ध्वनिवर्धक. पलीकडं टॉवेलवर पहुडलेले युरोपी पर्यटक उठून बसले होते.

गुडघाभर पाण्यात बराच लांब चालत जावं लागतं, कारण लगून उथळ. मूर्ती बुडेपर्यंत माणसं खूप छोटी दिसायला लागतात.

पाचवा दिवस : पोर्ट लुई

राजधानीचं शहर डोंगरांच्या कोंदणात आहे. मागं ल पूस, म्हणजे अंगठ्याच्या आकाराचं शिखर, ज्यावर १८३६ मध्ये डार्विन चढला होता. आणि पीटर बॉथ, ज्याच्या टोकावर एक भलामोठा गोल धोंडा तोल सांभाळून बसलाय. सकाळी मध्यवर्ती मंडईपाशी दालपुरी खाल्ली. वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा, दोन-दोनच्या जोडीनं, आत घेवड्याच्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. उभ्यानं खायची. आईनं दुसरी जोडी मागितली, यातच सगळं आलं.

मंडईपासून चालत आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानी मजूर जिथं उतरवून नोंदवले जात तो तळ. आधी आकार सांगते, कारण तोच सगळ्यांना चकवतो. ही जागतिक वारसा म्हणून २००६ मध्ये नोंदलेली जागा फक्त १,६४० चौरस मीटर आहे. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला भरधाव महामार्ग. त्या महामार्गानंच जुन्या आप्रवासन तळाचे दोन तुकडे केले. १८६० च्या दशकात तळ जेवढा होता त्याच्या निम्म्याहून कमी आता उरलाय. राजवाडा नाही, देऊळ नाही, कोरीव खांब नाही. उरलं आहे ते असं : प्रवेशाची कमान, पहारेकऱ्याची खोली, दवाखान्याची इमारत, तिचं स्वयंपाकघर, मजुरांच्या निवाऱ्यांची जोती, शौचकूपांची रांग, आणि धक्क्याच्या पायऱ्या. सगळं त्याच काळ्या बेसाल्टचं.

हिशेब साधा होता. गुलामगिरी संपणार हे दिसू लागल्यावर मळेवाल्यांना ऊस तोडायला माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस नावाच्या जहाजातून ३६ हिंदुस्थानी मजूर इथं उतरले. गुलामगिरी अजून तीन महिने जिवंत होती. इंग्रजांनी याला ‘महान प्रयोग’ असं गोंडस नाव दिलं. प्रयोग त्यांच्या दृष्टीनं फळला, आणि १९२० पर्यंत सुमारे ५ लाख माणसं या बंदरातून आत आली. मग हीच करारपद्धत फिजी, त्रिनिदाद, गयाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतापर्यंत नेली गेली. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायची, असाही नियम होता. तळावर आल्यावर तपासणी, नोंद, आणि प्रत्येकाला एक क्रमांक. एक-दोन दिवसांत मळेवाल्याचा माणूस येऊन घेऊन जाई.

शौचकूपांच्या रांगेपाशी मी बराच वेळ थांबले. दगडी पाट, खाली पाणी वाहायची चर, मधल्या भिंती गेलेल्या. जागतिक वारशाच्या यादीत किती ठिकाणी संडास जपून ठेवले असतील? इथं ते जपले आहेत, आणि बरोबरच आहे. महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त, जहाजाच्या पोटात काढून आलेल्या माणसाला या बेटानं पहिल्यांदा दिलं ते हे : एक चूल, एक शौचकूप, एक क्रमांक. पायऱ्यांवर मात्र कठडा लावलेला, पाय ठेवता येत नाही. कडा झिजलेल्या दिसतात. आईनं पर्समधून कालचं जास्वंदीचं फूल काढलं, ठेवू का म्हणून पहारेकरी बाईंना खुणेनंच विचारलं. बाईंनी मान हलवली, हो.

शेजारच्या माहिती केंद्रात नोंदवह्यांच्या प्रती आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जहाज. भावानं मुंबईहून सुटलेली जहाजं शोधली आणि रत्नागिरी जिल्ह्यातली नावं भराभर वाचत गेला. मग त्याचा आवाज हळू झाला आणि तो मनात वाचायला लागला.

पुढचं शहर भराभर पाहिलं. फ्रेंच गव्हर्नर लाबुर्दोने याच्या काळातल्या लष्करी दवाखान्यात २०२३ मध्ये उघडलेलं गुलामगिरीचं संग्रहालय आहे. ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन जगप्रसिद्ध टपाल तिकिटं, रंग उडू नये म्हणून तासातून थोडाच वेळ दिवा लावून दाखवतात. आम्ही पोचलो तेव्हा अंधार. शां द मार्स या मैदानावर १८१२ पासून घोड्यांच्या शर्यती होतात, आणि १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा चढला तोही तिथंच. दांडीयात्रा निघाली तो दिवस म्हणून १२ मार्च निवडला, असं सांगतात. गांधीजी स्वतः १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना इथं थांबले होते.

संध्याकाळी मंडईत सब्जा घातलेला थंडगार आलुदा प्यालो आणि पाय ओढत परतलो.

सहावा दिवस : पांप्लमूस आणि साखर

विमान रात्रीचं होतं. सकाळी मोकाला महात्मा गांधी संस्थेत डोकावलो. आप्रवासन विभागाच्या मूळ नोंदवह्या तिथं आहेत. इथं मराठी पदवीपर्यंत शिकवतात, आणि इथल्या छोट्या संग्रहालयात मजुरांबरोबर आलेली भांडी, दागिने, वाद्यं मांडलेली आहेत. एका काचेआड जातं होतं. आईनं खुंटा नीट बसवलेला नाही असं निदर्शनास आणून दिलं.

पांप्लमूसची बाग पियेर प्वाव्र या फ्रेंचानं १७७० मध्ये आकाराला आणली. इंडोनेशियातल्या मोलुक्कास बेटांवरच्या जायफळ-लवंगेवर डचांचा एकाधिकार होता. त्याची रोपं चोरून आणून यानं इथं लावली. महाकाय कमळांच्या थाळ्यांपाशी गर्दी असते. मी ताडाच्या एका जातीपाशी रमले, तालिपोट. कित्येक दशकं नुसता वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो. स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचं स्मारकही याच बागेत आहे.

जवळच बो प्लां इथं बंद पडलेल्या साखर कारखान्यात संग्रहालय केलंय. गाळपाची यंत्रं, उसाच्या रसाच्या कढया, धुरांडं, सगळं जागच्या जागी. एकेकाळी या बेटावर दोनशेहून जास्त कारखाने होते. आता हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. शेवटी साखरेच्या डझनभर तऱ्हा चाखायला देतात, पांढरट सोनेरीपासून ते ओल्या, काळ्या, काकवीचा वास मारणाऱ्यापर्यंत. आईनं काळी घेतली. दोन किलो. विमानतळावर काट्यावर बॅग तेवढीच जास्त भरली, आणि भावाला बूट हातात घेऊन चढावं लागलं.